बावीस नंबरचं दार

माणसाला स्वतःच्या घरात शिरायला कोणाची परवानगी लागू नये, असं माझं साधं मत आहे. पण साधी मतं बाळगणाऱ्याच्या वाट्याला घरं मात्र बिकट येतात. माझ्या वाट्याला दोन आली. एक पुण्यातलं, दोन खोल्यांचं. त्याची किल्ली माझ्या खिशात असते, तरी बेल न वाजवता आत शिरायची माझी छाती होत नाही. दुसरं राजापूर तालुक्यातलं, ओटी, पडवी, माजघर असं ऐसपैस. तिथे माझी नाळ पुरलेली आहे. आणि तिथे शिरायचं तर मला एका जुनाट कॉम्प्युटरच्या विनवण्या कराव्या लागतात.

तुम्ही म्हणाल, एस. टी. पकडा आणि जा की! एस. टी. माझ्यासाठी केव्हाही थांबते हो. पण दारात अण्णा उभा असतो.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचे वडील, आप्पा, गावच्या शाळेत मास्तर होते. रोज रात्री कंदिलाच्या उजेडात वहीत चार ओळी लिहिल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. पाऊस किती झाला, गाय कधी व्याली, कोणाकडून किती येणं आहे आणि कोणत्या कार्ट्याने शाळेला दांडी मारली. १९५१ पासून १९८९ पर्यंत, वर्षाला एक, अशा एकोणचाळीस वह्या. २०१६ साली आम्हा भावांची वाटणी झाली. भांडी वाटली, कलमं वाटली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यासुद्धा वाटल्या. राहिल्या दोनच गोष्टी. एक, आगराच्या बरोब्बर बांधावर उभा असलेला बरका फणस, आणि दुसऱ्या आप्पांच्या वह्या. फणस आपण लावला असं अण्णाचं म्हणणं. मी लावला असं माझं म्हणणं. फणसाचं म्हणणं कोणी विचारलं नाही. तो दरवर्षी दोन्ही बाजूंना सारखेच फणस टाकत राहिला. वह्यांबद्दल अण्णा एकच वाक्य बोलला, "आप्पांच्या वह्या ह्या घराबाहेर जायच्या नाहीत." ते त्याचं माझ्याशी शेवटचं वाक्य. त्यानंतर आमचं भांडण असं काही झालं नाही. भांडायलासुद्धा बोलावं लागतं.

ही कोंडी फोडली ती अण्णाच्या मुलाने. पोरगा बोटीवर विद्युत अधिकारी आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो घरी अडकला आणि करायला काही नाही म्हणून त्याने आप्पांच्या साऱ्या वह्यांच्या पानापानाची चित्रं काढून एका जुन्या कॉम्प्युटरात भरून ठेवली. त्या कॉम्प्युटराला विंडोज पेलवत नव्हतं, म्हणून त्यावर लिनक्स चढवलं. मी वहिनींकरवी निरोप धाडला, की निदान ती चित्रं तरी मला पाठवा. अण्णाचं उत्तर आलं, "वह्या बाहेर जायच्या नाहीत म्हणजे त्यांची चित्रंही नाहीत." शेवटी पुतण्याने बापाला समजावलं, "बाबा, वह्या घराबाहेर जाणार नाहीत. काका घरात येईल. फक्त तारेवरून येईल." अण्णाने बराच विचार केला. ह्यात पाहुण्याला चहा द्यावा लागत नाही, हे पाहून तो कबूल झाला असावा.

ह्या तारेवरून येण्याला एसएसएच म्हणतात. लिनक्स आणि एसएसएच ह्या दोन्ही गोष्टी फिनलंडात, हेलसिंकीच्या परिसरात जन्मल्या. १९९१ साली लायनस टोरव्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केलं आणि १९९५ साली तात्तू युलोनेन ह्या संशोधकाने एसएसएच लिहिलं. त्याच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी चोरून कान लावून लोकांचे पासवर्ड टिपले होते. तोवर दूरच्या यंत्रात शिरायचं म्हणजे पासवर्ड उघड्यावर ओरडून सांगण्यातला प्रकार होता. तेव्हा ह्या गृहस्थाने कुजबुजत बोलायची सोय केली. त्या काळी एकवीस नंबरचं दार फाइलींची ने-आण करणाऱ्यांचं होतं आणि तेविसावं त्या ओरडून बोलणाऱ्यांचं. मधलं बावीस नंबरचं दार रिकामं होतं, ते ह्याने मागून घेतलं. मला वाटतं, हे हेलसिंकीतच सुचू शकतं. बाहेर इतकी थंडी, की दुसऱ्याच्या घरी जावंसं वाटतं, पण आपल्या घरातून निघवत नाही.

पुतण्याने इंटरनेटवाल्याकडून बाहेरचा एक कायमचा पत्ता मागून घेतला. घरातल्या राउटरला बजावलं, की बावीस नंबरच्या दारावर कोणी आलं तर त्याला पडवीतल्या कॉम्प्युटराकडे पाठव. मग एक कुलूप-किल्लीची जोडी केली. कुलूप तिकडच्या कॉम्प्युटराला लावलं, किल्ली माझ्या लॅपटॉपात ठेवली. पासवर्ड सांगून आत यायची सोय बंदच करून टाकली. एका वहीत सगळ्या सूचना लिहून ठेवल्या आणि पोरगा बोटीवर निघून गेला.

त्या वहीतली एक सूचना तांबड्या शाईत होती : 'दूर बसून नेटवर्क कार्ड कधीही बंद करू नये.' बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला तांबड्या शाईचं भय असायला हवं. पण पहिल्याच महिन्यात जरा वेग वाढवावा म्हणून मी पुण्यातून तिकडचं कार्ड बंद केलं. विचार असा होता, की बंद करावं आणि लगेच चालू करावं. बंद झालं. चालू करायचा हुकूम मात्र जाणार कुठून? तो त्याच कार्डावरून जायचा होता. शेखचिल्ली ज्या फांदीवर बसला होता तीच तोडत होता, असं लहानपणी वाचलं तेव्हा इतका मूर्ख माणूस असेल कसा, असं मला वाटलं होतं. असतो. वहिनींनी बटण दाबून कॉम्प्युटर बंद-चालू केला तेव्हा मी जमिनीवर आलो. अण्णा तेव्हा पडवीत काय म्हणाला ते वहिनींनी मला सांगितलं नाही. त्या सुसंस्कृत घराण्यातल्या आहेत.

त्यानंतर तीनेक वर्षं सगळं सुरळीत चाललं. रोज रात्री जेवण झालं की मी बावीस नंबरच्या दाराने घरी जायचा, आप्पांच्या वहीची दोन पानं उतरवून घ्यायचा आणि परत यायचा. दुष्ट हेतू लपवण्यात अर्थ नाही : मी पुरावा शोधत होतो. फणस कोणी लावला ते आप्पांनी लिहून ठेवलं नसेल हे शक्यच नव्हतं. हळूहळू मी १९६५ संपवून १९६६ च्या उंबऱ्याशी आलो, आणि एका रात्री दार उघडेना.

लिनक्समध्ये नकाराच्या तीन तऱ्हा आहेत. पुण्यात भाड्याची खोली शोधलेल्या माणसाला त्या वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. पहिली तऱ्हा अशी : तुम्ही कडी वाजवता, वाजवत राहता, आतून हूं नाही की चूं नाही. शेवटी दोनेक मिनिटांनी तुमचाच कॉम्प्युटर कंटाळून 'वेळ संपली' म्हणतो. ह्याचा अर्थ घर ओस आहे, किंवा वाटेत तुमचा आवाज कोणी तरी गिळतोय. दुसऱ्या तऱ्हेत कडी वाजवताक्षणी 'इथे कोणी नाही' म्हणून आतून ओरड येते. नकार उद्धट, पण आशादायक. यंत्र जिवंत आहे, फक्त बावीस नंबरच्या दाराशी बसायला ठेवलेला नोकर जागेवर नाही. तिसऱ्या तऱ्हेत दार उघडतं, नाव-गाव विचारतं, आणि 'परवानगी नाही' म्हणून तोंडावर आपटतं. इथे रस्ता, घर, नोकर सगळं ठाकठीक असतं. खोट असते ती पाहुण्यात. ही तिसरी तऱ्हा तेवढी ध्यानात ठेवा. मी नेमकी तीच विसरलो.

मला मिळाला तो पहिल्या तऱ्हेचा नकार. चार दिवस रोज मिळाला. पुतण्याला निरोप धाडला, तर तो भर समुद्रात. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, त्या डबड्यापुढे बसून उसासे टाकण्यापेक्षा एक फोन करा ना."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? तुमच्या घरी."

फोन वहिनींनी घेतला, म्हणून मी वाचलो.

"अगबाई, भाऊजी तुम्ही?"

"वहिनी, तो कॉम्प्युटर चालू आहे का, जरा बघता का?"

"अहो, भाऊजी विचारताहेत, कॉम्प्युटर चालू आहे का?"

मागून खोकल्याचा आवाज. मग, "सांग त्याला, चालू आहे. आम्ही काही बंद केलेला नाही."

"चालू आहे म्हणे. ह्यांनी काही बंद केलेला नाही."

"वहिनी, त्याला विचारा, मागची तार निघाली आहे का?"

"अहो, तार निघाली आहे का?"

"त्याला विचार, परत पुण्यात बसून त्याने काही उद्योग केलाय का?"

मला अण्णाचा शब्दन् शब्द ऐकू येत होता, त्याला माझा येत असावा. पण प्रत्येक वाक्य वहिनींच्या हातून जात होतं. घरोघरी राउटर नावाची जी डबी असते ती हेच काम करते. घरातल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे जे पत्ते असतात ते लाखो घरांत तेच असतात. जशी कोकणात गावोगाव एक मधलीवाडी असते. नुसतं 'मधलीवाडी' लिहून पत्र टाकलं तर ते पोचेल कुठे? म्हणून आतल्याचा निरोप बाहेर आणि बाहेरच्याचा आत, असं करणारं कोणी तरी उंबऱ्यावर लागतं. आमच्या घराचा राउटर आठ वर्षं वहिनी होत्या. आणि कोणत्याही राउटराला कधी तरी येतो तसा त्यांनाही वैताग आला.

"तुमचं तुम्ही बोला बाई! माझं दूध उतू जातंय," म्हणून त्यांनी फोन अण्णाच्या हातात दिला.

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी म्हटलं, "हं."

तिकडून आलं, "हं?"

मी म्हटलं, "हं."

दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागतात तेव्हाही नेमकं असंच तीन वेळा होतं. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ देऊन उलटी हाक द्यायची, मग पहिल्याने ओ द्यायची. त्याशिवाय एक अक्षर इकडचं तिकडे जात नाही. आमचं ते पार पडलं.

"वही काढली आहे त्याची," अण्णा म्हणाला. "पहिल्या पानावर लिहिलंय, पिंग करावे. करू?"

पिंग हा प्रकार १९८३ च्या डिसेंबरात माईक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने केला. पाणबुडीवाले पाण्यात 'पिंग' असा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी आला की समजतात पुढे काही तरी आहे, त्यावरून नाव. पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राला विचारायचं, 'आहेस का?' त्याने म्हणायचं, 'आहे.' बस्स. निरोप नाही, काम नाही, मागणं नाही. कोकणात संध्याकाळी एका घरातला माणूस दुसऱ्या घराच्या पायरीवर येऊन उगाच बसतो, तसं.

अण्णाने एकेक अक्षर शोधत १२७.०.०.१ ह्या पत्त्याला पिंग केलं आणि आनंदाने ओरडला, "उत्तर येतंय! धडाधड येतंय! तुझं पुण्यातलंच बिघडलंय."

"अण्णा, तो पत्ता त्याचा स्वतःचाच आहे. तो स्वतःला विचारतोय आणि स्वतःच उत्तर देतोय."

"मग?"

"स्वतःला विचारलं की उत्तर लगेच येतं. त्याला कार्डही लागत नाही आणि तारही लागत नाही."

"हे तू मला बोलतोयस का?"

"कॉम्प्युटराबद्दल बोलतोय."

"हं."

मग राउटराला पिंग केलं, तर तिथवर जायला रस्ताच नाही, असं इंग्रजीत उत्तर आलं. म्हणजे दुखणं घरातच होतं. मी म्हटलं, "मागे तार खोचली आहे तिथे दिवा लागलाय का बघ."

"मागे बघायचं तर मला आडवं व्हावं लागेल."

"हो."

सत्तरी ओलांडलेला माझा भाऊ पडवीत आडवा झाल्याचे सर्व आवाज मला फोनवर ऐकू आले. "लागलाय. हिरवा. मिणमिणतोय."

"मग तार शाबूत आहे. आता आयपी लिही, मोकळी जागा सोड, आणि ए लिही."

"किती मोकळी जागा?"

"एक बोट."

"मोकळ्या जागेचं आधीच नीट बोलून घेतलेलं बरं," अण्णा म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. पण मला वाटतं, तो हसला होता.

पडद्यावर कार्डांची यादी आली. अण्णाने ती शाळेत आप्पांपुढे वाचायचा तशी खड्या आवाजात वाचली. त्यात कार्डाचं नाव निघालं ई-एन-पी-चार-एस-शून्य. आणि पुतण्याच्या वहीत होतं ई-एन-पी-तीन-एस-शून्य.

"अण्णा, ह्या कॉम्प्युटराला कोणी हात लावला होता का?"

"छे! कोणी नाही." मग जरा थांबून, "मुंग्या झाल्या होत्या. राजापुरातून एक पोरगा आणला होता. त्याने सगळं खोललं, खोडरबराने एक पट्टी घासली, मुंग्या काढल्या आणि होतं तसं बसवलं. वरच्या खाचेत फारच मुंग्या होत्या, म्हणून तिथलं कार्ड तेवढं खालच्या खाचेत लावलं."

इथे कोडं उलगडलं. पूर्वी लिनक्स पहिल्या नेटवर्क कार्डाला ईथ-शून्य म्हणायचं, दुसऱ्याला ईथ-एक. हे ईथ म्हणजे ईथर. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफने ह्या तारेच्या जाळ्याला, विश्वात सगळीकडे भरून राहिलेल्या त्या जुन्या काल्पनिक ईथरवरून नाव दिलं होतं. नाव देखणं, पण एका यंत्रात दोन कार्डं असली की आज हा पहिला तर उद्या तो, असा थोरल्या-धाकट्याचा घोळ व्हायचा. हा घोळ किती भयंकर असतो ते आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणून २०१३ च्या सुमाराला जाणत्यांनी ठरवलं, की कार्डाचं नाव ते ज्या खाचेत बसलंय त्यावरून पडावं. कार्डाला कारखान्यातून मिळालेला बारा अक्षरी क्रमांक असतो, तो तसाच राहतो. पण घर बदललं की नाव बदलतं. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तांदळात नवं नाव लिहितात, तसंच. आमचं कार्ड वरच्या खाचेतून खालच्या खाचेत गेलं आणि त्याचं नाव बदललं. सूचनांच्या फाइलीत मात्र अजून माहेरचंच नाव. यंत्र रोज सकाळी उठून जुन्या नावाने हाका मारत होतं. नवी सून 'ही कोण?' म्हणून गप्प बसून होती.

उपाय सोपा होता : फाइलीत तिनाचा चार करायचा. पण त्या फाइलीला हात लावायला कॉम्प्युटर मालकाचा पासवर्ड मागतो.

"मी घराचा मालक," अण्णा म्हणाला. "मला कसला पासवर्ड विचारतो?" पुतण्याने तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. अण्णा टाइप करू लागला आणि पुन्हा ओरडला, "काही उमटतच नाहीये!"

"पासवर्ड लिहिताना काही उमटत नाही. तारे नाहीत, टिंबं नाहीत. विश्वास ठेवून लिहीत जायचं."

अण्णाने विश्वास ठेवला. तिसऱ्या खेपेला जमलं. फाइल उघडली. नाव दोन ठिकाणी होतं. अण्णाने एका ठिकाणी चार केला आणि दुसरीकडे तीनच ठेवला. "जुनं सगळंच पुसायचं कशाला?" ह्या मुद्द्यावर आमचा दहा मिनिटं वाद झाला. आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि तो इतका गोड वाटला की मी उगाच लांबवला. शेवटी दोन्हीकडे चार झाले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि अण्णाने राउटराला पिंग केलं.

"आलं रे! उत्तर आलं! चौसष्ट बाइट का काय ते!"

मी घाईघाईने पुण्यातून बावीस नंबरचं दार ठोठावलं. दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणालं, परवानगी नाही.

इथे मी आयुष्यातलं एक मूर्ख वाक्य बोललो. "अण्णा, तू माझं कुलूप काढून टाकलंस."

"मी?"

"नाही तर मला नाही कशाला म्हणेल? तुला मुळातच मला आत येऊ द्यायचं नव्हतं."

तिकडे बराच वेळ शांतता. मग अण्णा म्हणाला, "मी तासभर आडवा-उभा होतोय, तो काय तुला बाहेर ठेवायला?" आणि फोन ठेवला.

बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन माझ्या पडद्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "त्या 'परवानगी नाही'च्या वर आणखी पाच-सहा ओळी दिसताहेत. त्या वाचल्यात का?"

वाचल्या नव्हत्या. दार आपटल्यावर माणूस पाटी वाचत बसत नाही. वाचल्या. त्यात असं लिहिलं होतं, की तुमची किल्ली फारच उघड्यावर ठेवलेली आहे, ती कोणीही वाचू शकेल, तेव्हा अशी किल्ली मी वापरणार नाही.

झालं होतं ते असं. मधल्या काळात मी लॅपटॉप बदलला होता. जुन्यातली किल्ली पेनड्राइव्हवर घेऊन नव्यात टाकली होती. कोणती वस्तू कोणी पाहावी हा लिनक्सचा सोवळेपणा त्या पेनड्राइव्हला ठाऊकच नव्हता. त्यामुळे किल्ली नव्या घरात आली ती सगळ्यांना दिसेल अशी, खुंटीला टांगलेली. एसएसएच ह्या बाबतीत आमच्या आजीसारखं आहे. जी किल्ली कमरेला खोचलेली नाही ती किल्लीच नव्हे. पहिला अडथळा तिकडचा होता, तोवर हा दुसरा दिसलाच नव्हता. तिकडचा दूर झाला तेव्हा इकडचा उघडा पडला. म्हणजे दार अण्णाने केव्हाच उघडलं होतं. खोट पाहुण्यात होती.

त्यावरचा हुकूम एका ओळीचा आहे. किल्लीवर सहाशे हा आकडा चढवायचा. म्हणजे मालकाने वाचावी आणि लिहावी, बाकी कोणी पाहूही नये. मी तो चढवला. दार ठोठावलं. एका सेकंदात मी पडवीत होतो.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. कोकणात ही मध्यरात्र. तरी फोन केला. ह्या खेपेला राउटर मध्ये आला नाही. अण्णानेच उचलला.

"अण्णा, खोट माझ्याकडे होती. किल्ली मीच नीट ठेवली नव्हती."

"हं," अण्णा म्हणाला. मग, "आत आलास का?"

"आलो."

"कुठे आहेस?"

"सहासष्टच्या वहीत."

"जुलै बघ," अण्णा म्हणाला, आणि माझ्या लक्षात आलं, की ती वही त्याने केव्हाच वाचली होती. तो पुरावा त्याच्या कपाटात इतकी वर्षं होता.

मी जुलै काढला. आप्पांचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. मोठ्याने वाचलं. 'पाऊस चांगला. बांधावर फणसाचे रोप लावले. खड्डा थोरल्याने खणला, पाणी धाकट्याने घातले. झाड कोणाचे यावरून दोघांत मारामारी. दोघांसही एकेक चापट. शाळेची कौले गळतात.'

तारेवर बराच वेळ काहीच नव्हतं. पण ही 'वेळ संपली'तली शांतता नव्हे, हे मला कळत होतं.

"मला जोरात मारली होती," शेवटी अण्णा म्हणाला. "थोरला म्हणून."

"मग इतकी वर्षं दाखवली का नाहीस वही?"

"दाखवली असती तर फणस दोघांचा झाला असता."

ह्यावर काय बोलावं मला सुचेना. मी म्हटलं, "नीज आता. उशीर झालाय." तो म्हणाला, "तूही." आणि आम्ही रीतसर लॉगआउट केलं.

त्यानंतर नेटवर्क एकदाही बिघडलेलं नाही. कार्ड नव्या नावाला सरावलं, किल्ली कमरेला आहे, मुंग्यांनी दुसरं घर शोधलं. मी रोज रात्री घरी जातो, दोन पानं उतरवतो आणि परत येतो. बोटीवरून पुतण्याचा निरोप आला : 'काका, तुम्ही दोघांनी केलंत? कमाल आहे!'

गेल्या रविवारी संध्याकाळी असाच आत होतो. १९६७ चा पाऊस वाचत होतो, पान झरझर उघडत होतं, कुठे अडखळ नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"बाळ्या," अण्णा म्हणाला, "ते परत बंद पडलंय वाटतं रे. जरा बघतोस?"

मी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. आप्पा ओहोळाला आलेल्या पुराबद्दल लिहीत होते.

"बघू या हं," मी म्हटलं. "आधी मागचा दिवा लागलाय का सांग."

"थांब, आडवा होतो." पडवीतले आवाज झाले. मग, "लागलाय. हिरवा."

"मग तार शाबूत आहे," मी म्हटलं, आणि खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसलो.